रमची पारख : भाच्यास पत्र

कोल्हापूर

चि. अनिरुद्ध यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. दिवाळीस घरी येताना माझ्यासाठी रमची चांगली बाटली आणावी अशी तुझी इच्छा, परंतु हॅम्बुर्गच्या दुकानात ओळीने मांडलेल्या बाटल्या पाहून तू गोंधळलास, आणि दुकानदाराने 'फार गोड आणि मऊ आहे' अशी शिफारस करून पुढे केलेली, जड काचेची, मोठा आकडा मिरवणारी बाटली घ्यावी की न घ्यावी, असे तू विचारले आहेस. घेऊ नकोस, एवढे एका ओळीत कळवून मला मोकळे होता आले असते. पण तुझी पंचविशी उलटली आहे, वस्तूची पारख मुळापासून शिकण्याची तुला लहानपणापासून हौस आहे, आणि माझी सारी नोकरी साखर कारखान्याच्या आसवनीत, मळीच्या टाक्यांशेजारी गेलेली असल्यामुळे या एका विषयात तरी तुला अधिकाराने चार गोष्टी सांगता येतील, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी हे ध्यानात घे की रम ही मुळात गोड नसते. ऊस गोड, रस गोड, साखर काढून घेतल्यावर उरलेल्या काळ्या मळीतही पुष्कळ साखर शिल्लक, तेव्हा तिच्यापासून निघालेला अर्कही गोडच असणार, असा लोकांचा समज असतो. वस्तुतः मळीत पाणी घालून यीस्टने ती आंबवली की साखरेचा मद्यार्क होतो, आणि आंबवणातून जी काही साखर वाचते तिची वाफ होत नसल्यामुळे ती भट्टीच्या तळाशीच राहते. वर चढून, थंड होऊन, नळीतून जो स्वच्छ द्रव उतरतो त्यात साखरेचा कणही नसतो. पुढे पिंपात मुरताना ओकच्या लाकडातून रंग, व्हॅनिलासारखा गंध आणि थोडा तुरटपणा त्यात येतो व जिभेला गोडीचा आभास होतो हे खरे. परंतु घोट संपल्यावरही ओठांवर जो पाकासारखा चिकटपणा रेंगाळतो, तो बाटली भरण्यापूर्वी कोणीतरी घातलेल्या साखरेचा असतो. युरोपीय संघाने 2021 पासून रममध्ये लिटरमागे जास्तीत जास्त 20 ग्रॅम साखरेची मर्यादा मुक्रर केली आहे. त्यापूर्वी काही नामांकित बाटल्यांत याच्या दुप्पट साखर आढळत असे.

साखर घालणे हा कायद्याने गुन्हा नव्हे, आणि ज्याला तसे पेय आवडते त्याने ते अवश्य घ्यावे. माझी तक्रार निराळी आहे. साखरेने कच्चा अर्कही मऊ लागतो, अपुऱ्या मुरवणीचा तिखटपणा झाकला जातो, आणि ज्या कारागिराने आंबवणीपासून पिंपापर्यंत प्रत्येक पायरीवर वर्षानुवर्षे लक्ष दिले त्याचे श्रम आणि ज्याने शेवटच्या दिवशी पाक ओतला त्याची युक्ती यांतला भेद पिणाऱ्यास उमगेनासा होतो. हा भेद पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बशीत चमचाभर रम ओतून रात्रभर उघडी ठेव. शुद्ध रम उडून गेल्यावर मागे पुसट तपकिरी डाग राहतो आणि बोटाला जवळजवळ काहीच लागत नाही. साखर घातलेल्या रमच्या जागी मात्र बोट चिकटून बसेल असा लेप उरलेला दिसतो. आम्ही आसवनीत हायड्रोमीटर वापरत असू. साखरेने द्रवाची घनता वाढते, म्हणून लेबलावर 40 टक्के मद्यार्क छापलेला असूनही हायड्रोमीटर त्याहून बराच कमी आकडा दाखवू लागला, की मिसळ झाली आहे असे बेलाशक समजावे.

आता आकड्याविषयी. जमैका आणि बार्बाडोस येथील बाटलीवर 12 वर्षे असे लिहिलेले असेल, तर आतल्या मिश्रणातला सर्वांत कोवळा अंश 12 वर्षांचा असतो. स्पॅनिश परंपरेतल्या काही देशांत जुन्या पिंपांत नवा अर्क भरत राहण्याची पद्धत आहे. तेथे आकडा पुष्कळदा सर्वांत जुन्या अंशाचा असतो, आणि कधी कधी तर आकड्यापुढे 'वर्षे' हा शब्दच नसतो, तो आपल्या मनाने आपण जोडतो. शिवाय मुरवणी कोठे झाली हेही विचारावे. कॅरिबियन बेटांच्या उष्म्यात पिंपातला अर्क दरसाल शंभरांतून सहाच्या आसपास उडून जातो, स्कॉटलंडच्या थंडीत दोनच्या आसपास. म्हणून उष्ण प्रदेशातली आठ-दहा वर्षे ही थंड प्रदेशातल्या तितक्याच वर्षांहून पुष्कळ अधिक काम करून जातात. रंगावर तर मुळीच जाऊ नकोस. काळेपणा बहुधा जळक्या साखरेच्या रंगाचा असतो, वयाचा नव्हे.

तू जर्मनीत आहेस म्हणून एक खास सूचना. तेथील स्वस्त बाटल्यांवर 'रम-फेरश्निट' असे शब्द दिसतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीने आयात रमवर भारी जकात बसवली, तेव्हा व्यापाऱ्यांनी जमैकास अशा रमची मागणी केली की जिचा थोडासा अंश पुष्कळ साध्या मद्यार्कात मिसळला तरी सबंध पिंपास रमचा वास यावा. आजही या नावाच्या पेयात एकंदर मद्यार्काच्या अवघा 5 टक्के भाग रमचा असला तरी कायद्यास पुरतो. ही मिसळ केक-पुडिंगात घालावयास ठीक. पेल्यात घेण्याजोगी नाही. परंतु या जकातीच्या मामल्यातून जमैकातली जी विद्या टिकून राहिली ती मात्र थोर आहे. ट्रेलॉनी परगण्यातल्या हॅम्पडन या जुन्या आसवनीत आंबवण एक-दोन दिवसांत न उरकता आठवडेच्या आठवडे चालू देतात, भट्टीत मागे उरलेले आंबट पाणी पुढच्या आंबवणात घालतात, आणि या अवधीत यीस्टबरोबर जीवाणूही कामास लागून आम्ले तयार होतात; ही आम्ले आणि मद्यार्क यांच्या संयोगातून जी सुगंधी द्रव्ये निर्माण होतात त्यांस रसायनशास्त्रात एस्टर म्हणतात. शुद्ध मद्यार्काच्या शंभर लिटरमागे 1600 ग्रॅमपर्यंत एस्टर असलेली रम तेथे निघते. तिचे झाकण उघडताच अतिपक्व केळे, अननस, आणि थोडा पिकल्या फणसाचाही वास खोलीभर होतो. प्रथम घेणारा दचकतो. मला विचारशील तर उसाच्या अर्कात मनुष्याने मिळवलेला सर्वांत समृद्ध गंध तो हाच, आणि त्यासाठी लागले ते तांब्याचे भांडे, धीर आणि मळी, बाहेरून आणलेला एकही सुगंध नाही.

दुसरी थोर परंपरा डेमेराराची, म्हणजे आजच्या गयानाची, आणि तिच्याशी आपला ऋणानुबंध आहे. 1834 साली ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपली, 1838 साली उमेदवारीच्या नावाखाली लादलेली सक्तीही सुटली, आणि त्याच वर्षी कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये मजूर त्या किनाऱ्यावर उतरवले गेले. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या पाठीवरचे वळ आणि आपल्या देशबांधवांचा घाम यांवर तो ऊस उभा राहिला, हे रम हातात घेणाऱ्याने विसरू नये असे मला मनापासून वाटते. तेथल्या पोर्ट मोरंट नावाच्या उसाच्या मळ्यावर एक लाकडी भट्टी होती. लाकडाची, अनिरुद्ध! ग्रीनहार्ट नावाच्या, पाण्यात न कुजणाऱ्या लाकडाच्या फळ्या पिंपासारख्या एकमेकींस जोडून केलेली ती दुहेरी भट्टी 1732 सालची म्हणून नोंदली जाते. एकेक मळा बंद पडत गेला तसतशी ती या आसवनीतून त्या आसवनीत हलवली गेली, आणि आज डायमंड येथील आसवनीत ती अद्याप चालू आहे. तिच्यातून निघणारा अर्क जड, तेलकट, ज्येष्ठमध आणि जुन्या लाकडाच्या वासाचा असतो. ब्रिटिश आरमारातल्या खलाशांस 31 जुलै 1970 पर्यंत रोज रमचा जो शिधा मिळे, त्यात या अर्काचा अंश असे. याच पोर्ट मोरंटमधून रोहन कन्हाय, बेसिल बुचर, जो सॉलोमन हे क्रिकेटपटू निघाले. सुनील गावसकरांनी आपल्या मुलाचे नाव कन्हायवरून रोहन ठेवले हे तुला ठाऊक आहेच. त्यांचे पहिले कसोटी शतकही 1971 साली गयानाच्याच राजधानीत, जॉर्जटाउनला झाले. डेमेराराची रम घेशील तर शक्यतो भट्टीचे नाव आणि गाळण्याचे वर्ष छापलेली घे, कारण तेथल्या काही लोकप्रिय मिश्रणांत साखर घातलेली असल्याचे मोजमापांत आढळले आहे.

मार्टिनिक बेटावर मळीऐवजी ताज्या उसाच्या रसापासून रम काढतात, आणि फ्रेंच सरकारने 1996 साली त्या पद्धतीस द्राक्षमद्याप्रमाणे कायदेशीर संरक्षण दिले. तिला हिरव्या उसाचा, पावसानंतरच्या गवताचा वास असतो. आपल्या गुऱ्हाळावर चरकातून नुकत्याच पडलेल्या रसाचा वास ज्याच्या नाकात आहे त्यास ती ओळखीची वाटेल, तरी पहिली बाटली म्हणून मी ती सुचवणार नाही.

आपल्याकडच्या रमविषयीही लिहिले पाहिजे, नाहीतर परदेशी ते सारे उत्तम असा तुझा ग्रह व्हावयाचा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मळीचा मद्यार्क ऊर्ध्वपातनाच्या स्तंभातून इतका शुद्ध करून घेतात की उसाची ओळख त्यात फारशी उरत नाही. मागाहून रंग व गंध देऊन ती रम होते. याचे कारण कारागिरांची अक्षमता नव्हे. औषधांपासून रसायनांपर्यंत सर्वांस तोच मद्यार्क पुरवावयाचा असे, आणि आसवनीची रचनाच त्या हिशेबाने केलेली असे. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या आपल्या सहकारी कारखानदारीने एवढा ऊस गाळला, एवढी मळी साठवली, परंतु एका तरी कारखान्याने तांब्याचे भांडे बसवून, सावकाश आंबवून, आपल्या मातीच्या उसाची स्वतःची रम काढावी ही माझी इच्छा मनातच राहिली. ओल्ड मंक 1954 सालापासून चालत आलेली आहे आणि लष्करापासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांनी तिच्यावर प्रेम केले. हिवाळ्यात गरम पाणी व लिंबू घालून ती घ्यावी, तिचा मान तिथे आहे. तिच्यावरचा 42.8 हा चमत्कारिक आकडा जुन्या ब्रिटिश मापाचा अवशेष आहे : त्या मापातले 100 म्हणजे 57 टक्क्यांहून किंचित अधिक मद्यार्क, आणि त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे हा आकडा.

घेण्याची रीत सांगतो. रात्रीचे जेवण आटोपल्यावर, पोट भरलेले असताना, तोंडाशी निमुळता होत गेलेल्या लहान पेल्यात 30 मिलिलिटर ओत आणि दहा-पंधरा मिनिटे त्याला हात लावू नकोस. पहिला तीव्र मद्यार्क उडून जाऊ दे. मग पेला नाकात न खुपसता हनुवटीपाशी धरून, ओठ किंचित उघडे ठेवून वास घे. एका नाकपुडीने आणि मग दुसरीने घेतलास तर निराळे गंध मिळतील. पहिला घोट केवळ जीभ ओली होण्यापुरता असावा, त्याने तोंड तयार होते. चव दुसऱ्या घोटात पाहावी. नंतर अर्धा चमचा साधे पाणी घाल आणि पुन्हा वास घे; मद्यार्काची धार कमी होऊन काही गंध ठळक होतात, काही मागे सरतात. बर्फ घालू नकोस, थंडीने गंध मिटतो. कोला घातलास तर एवढी दगदग करून चांगली बाटली शोधण्याचे प्रयोजनच राहत नाही. दुसऱ्या पेल्यानंतर नाक आणि जीभ दोन्ही बोथट होतात, तेथून पुढे जे चालते त्याचा आस्वादाशी संबंध नसतो, केवळ अंमल चढतो. म्हणून बाटली महिनोन्‌महिने पुरव, आणि ज्या दिवशी मन उद्विग्न असेल त्या दिवशी ती उघडूच नकोस. हे मी मामा म्हणून सांगतो आहे, चव पाहणारा म्हणून नव्हे.

तर तजवीज अशी कर. परदेशातून येणाऱ्या प्रवाशास दोन लिटरपर्यंत मद्य जकातीवाचून आणता येते, तेव्हा सत्तर सेंटिलिटरच्या दोन बाटल्या बिनघोर बसतात. एक बार्बाडोसच्या फोरस्क्वेअर आसवनीची आण. तेथे भांड्याची भट्टी व स्तंभ या दोहोंचा अर्क एकत्र मुरवतात आणि साखर मुळीच घालत नाहीत, त्यामुळे शुद्ध रमची चव कशी असते हे समजण्यास तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. दुसरी जमैकाची, ॲपलटनची 12 वर्षांची. हॅम्पडनची इतक्यात नको, ती पुढच्या खेपेस पाहू. पावत्या जपून ठेव, बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या पेटीत घाल, आणि मुंबईस उतरल्यावर कोणी चौकशी केलीच तर माझ्या नावाच्या परवान्याची नक्कल सोबत पाठवीत आहे ती दाखव. विमानाची तारीख ठरताच कळव.

तुझा
मामा