अनामत ही अमानत आहे : सुटीतील घरभाडे आणि छुपी आकारणी

मे महिन्यात खानदेशातील ऊन असह्य होते. जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि मुलांच्या शाळांना सुटी असते. ज्यांना शक्य असते ती कुटुंबे चार दिवस थंड हवेच्या ठिकाणी जातात. कोणी तोरणमाळला जातो, कोणी सापुताऱ्याला, कोणी लोणावळा-महाबळेश्वरला, तर कोणी कोकणच्या किनाऱ्यावर. कुटुंब मोठे असते, परदा सांभाळावयाचा असतो आणि हलाल अन्नासाठी स्वयंपाकही घरचाच हवा असतो. म्हणून हॉटेलच्या खोल्यांपेक्षा दोन-तीन दिवसांसाठी एखादा बंगला भाड्याने घेणे अनेकांना सोयीचे वाटते.

असा प्रवास आणि अशी विश्रांती शरीअतमध्ये अनुज्ञेय आहे. प्रश्न आहे तो भाड्याच्या व्यवहाराचा. जाहिरातीत एक रक्कम, दारात दुसरी आणि निघताना तिसरी, असा अनुभव आता सर्वसामान्य झाला आहे. हा केवळ खिशाचा प्रश्न नसून हलाल-हरामचा प्रश्न आहे. तो जितका घर घेणाऱ्याचा आहे, त्याहून अधिक घर देणाऱ्याचा आहे, आणि आज आपल्या समाजात दोन्ही बाजूंचे लोक आहेत.

व्यवहार कसा घडतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, धुळ्याचे आठ जणांचे कुटुंब एका रात्रीला ४,००० रुपये या दराने दोन रात्रींसाठी बंगला ठरविते. हिशेब सरळ आहे : ८,००० रुपये. कुटुंब रात्री नऊ वाजता पोहोचते, तेव्हा सांगितले जाते की हा दर सहा माणसांचा आहे. वरच्या दोघांचे प्रत्येकी, प्रत्येक रात्रीचे ५०० रुपये, म्हणजे २,००० रुपये. साफसफाईचे १,०००, स्वयंपाकघर व गॅसच्या वापराचे ६००, जनरेटरचे ४००. भाडे आता १२,००० रुपये झाले. शिवाय ५,००० रुपये डिपॉझिट रोख. निघण्याच्या दिवशी चादरीवरील डागापोटी त्यातील १,५०० रुपये कापून घेतले जातात. ८,००० रुपयांचा सौदा १३,५०० रुपयांवर संपतो.

येथे कोणी म्हणेल, "त्यांनी पैसे स्वतःच्या हाताने दिले ना? मग हरकत काय?" या प्रश्नाच्या उत्तरातच आजच्या पाठाचे मर्म आहे.

राजीखुशी म्हणजे काय?

सूरह निसाच्या २९ व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना परस्परांची संपत्ती अनुचित मार्गाने खाण्यास मनाई केली आहे आणि परस्परांच्या राजीखुशीने होणारा व्यापार तेवढा वैध ठरविला आहे. राजीखुशी ही अट आहे, आणि राजीखुशीला माहिती लागते. जी गोष्ट मनुष्याला ठाऊकच नाही, तिला त्याने संमती दिली असे म्हणता येत नाही. रात्रीची वेळ, परका गाव, कडेवर झोपलेले मूल, सोबत वृद्ध आई-वडील आणि अन्यत्र जागा मिळण्याची आशा नाही, अशा अवस्थेत दिलेले पैसे लाचारीचे असतात. लाचारी आणि राजीखुशी यांत अंतर आहे. घेणाऱ्याला ते दिसत नसले तरी अल्लाहला दिसते.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेला आणि सहीह मुस्लिममध्ये नोंदलेला प्रसंग सर्वांना परिचित आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे सांगितले. यावर प्रेषितांनी (स.) विचारले की मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. या विक्रेत्याने खोटे काहीच सांगितलेले नव्हते. विचारताच त्याने खरे उत्तर दिले. त्याचा दोष एवढाच होता की जे वर असावयास हवे होते ते खाली होते. जाहिरातीतील आकर्षक दर म्हणजे राशीवरचे कोरडे धान्य. साफसफाई, जादा माणसे, जनरेटर हे आतील ओले धान्य. पोहोचल्यावर खरे सांगितले म्हणून फसवणूक पुसली जात नाही.

फिकहच्या दृष्टीने घर भाड्याने देणे हा 'इजारा' आहे. इजाऱ्यात भाडे, मुदत आणि उपयोगाची वस्तू ही करार होतानाच ज्ञात असली पाहिजेत, यावर फुकहांचा भर आहे. प्रेषितांनी (स.) 'गरर', म्हणजे अनिश्चितता व धोका असलेल्या सौद्याला मनाई केली, त्यामागील कारणही हेच आहे.

मात्र एक गैरसमज टाळला पाहिजे. जादा माणसांचे जादा पैसे घेणे किंवा सफाईचा खर्च आकारणे मुळात हराम नाही. मदीनेत महागाई झाली असता लोकांनी दर ठरवून देण्याची विनंती केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तसे करण्यास नकार दिला होता. मालकाने हंगामात भाडे वाढवावे, प्रत्येक सोयीचे पैसे घ्यावेत. परंतु करारापूर्वी सांगून आणि एकूण रकमेत मिळवून. आकारणी वैध, लपवणूक अवैध, हा या विषयाचा सारांश होय.

अनामत : शब्दातच निर्णय आहे

मराठीत डिपॉझिटला आपण 'अनामत रक्कम' म्हणतो. हा शब्द अरबी 'अमानत'वरून आला आहे. सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अल्लाहने अमानती त्यांच्या हक्कदारांना परत करण्याची आज्ञा दिली आहे. सूरह बकराच्या २८३ व्या आयतीत तर प्रवासाचाच संदर्भ आहे : प्रवासात लिहिणारा न मिळाल्यास वस्तू तारण म्हणून ताब्यात देऊन व्यवहार करता येतो, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला गेला त्याने अल्लाहचे भय बाळगून अमानत फेडावी. म्हणून अनामत घेणे वैध आहे, पण ती घेतल्याने मालकाची मिळकत होत नाही. मालकाने ती परवानगीने वापरली तरी ते त्याच्यावरील कर्ज ठरते आणि पूर्ण फेडावे लागते.

तिच्यातून कपात केव्हा करता येईल? फुकहांच्या मते भाडेकरूच्या ताब्यातील घर व सामान ही त्याच्याकडे अमानत असते. त्याने मर्यादा ओलांडली किंवा निष्काळजीपणा केला तरच तो भरपाईस बांधील असतो. सामान्य वापराने होणारी झीज भाड्यातच आलेली असते. चहाचा कप फुटला तर कपाची किंमत घ्यावी. साठ रुपयांच्या कपाचे पाचशे घेतले तर उरलेले चारशे चाळीस रुपये कोणत्या नावाने खाल्ले, याचे उत्तर परलोकात द्यावे लागेल. धुतल्याने निघणाऱ्या डागासाठी नव्या चादरीची किंमत घेणे हाही त्याच पंक्तीतील प्रकार आहे.

बयाणा आणि रद्द झालेला प्रवास

बयाण्याचा प्रश्न वेगळा आहे. घेणाऱ्याने माघार घेतल्यास बयाणा जप्त करण्याच्या अटीला फिकहमध्ये 'अरबून' म्हणतात. हनफी, मालिकी व शाफिई फुकहांनी ही अट मान्य केलेली नाही, इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी तिला अनुमती दिली आहे. १९९३ मध्ये ब्रुनेई येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मुदत ठरलेली असल्यास ती वैध मानली आणि भाड्याच्या करारालाही तोच नियम लावला. मतभेदाच्या अशा बाबतीत आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. परंतु दोन गोष्टी निर्विवाद आहेत. अट आधी सांगितलेली असावी. आणि मालकानेच करार मोडला तर बयाणा पूर्ण परत करावा. आजारपण किंवा मृत्यूमुळे कोणाचा प्रवास रद्द झाला आणि मालकाने राजीखुशीने व्यवहार मागे घेतला, तर कियामतच्या दिवशी अल्लाह त्याच्या चुका माफ करील, ही शुभवार्ता हदीसमध्ये आली आहे.

भाडेकरू आणि मध्यस्थ

सूरह मुतफ्फिफीनमध्ये स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्या लोकांच्या विनाशाची घोषणा आहे. हे माप दोन्ही बाजूंना लागू होते. सहा माणसे सांगून दहा नेणे, मोडलेली वस्तू कपाटामागे लपविणे, डिपॉझिट पूर्ण मिळावे म्हणून वाईट अभिप्राय लिहिण्याची धमकी देणे, हेही ओले धान्य खाली दडविणेच आहे. मालक मुस्लिम आहे की मुस्लिमेतर, याने या हुकमात काही फरक पडत नाही.

मध्यस्थाबद्दल विशेष सांगणे आवश्यक आहे. खानदानातील एखादा भाऊ सर्वांकडून वर्गणी घेऊन बंगला ठरवितो. तो सर्वांचा वकील, म्हणजे प्रतिनिधी असतो. मालकाने दिलेली सवलत सर्वांची असते. ती गुपचूप स्वतःकडे ठेवणे ही अमानतीत खियानत होय. मेहनताना हवा असेल तर तो उघड मागावा. त्यात लाज नाही.

देशाचा कायदाही हेच सांगतो

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांतील १३ प्रकारांत 'ड्रिप प्रायसिंग' आहे : किंमत एकदम न सांगता थेंबाथेंबाने सांगणे. ठिबक सिंचनाने केळी वाढविणाऱ्या जळगावकरांना ही उपमा लगेच समजेल. ठिबक केळीला पोसते. किमतीचे ठिबक ग्राहकाला सुकविते. अमेरिकेतही अल्पकालीन निवासाची एकूण किंमत आरंभीच दाखविण्याचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अवाजवी डिपॉझिट मागणाऱ्या कराराची गणना अन्यायकारक करारांत केली आहे. अशा कराराविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि ती तक्रारदार जेथे राहतो तेथे दाखल करण्याची मुभा आहे. बंगला लोणावळ्यात असला तरी जळगावचा ग्राहक जळगावात आणि धुळ्याचा धुळ्यात तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागावी.

निघण्यापूर्वी

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे. तिच्या प्रकाशात पुढील गोष्टी मालकाकडून मोबाइलवर का होईना, लेखी घ्याव्यात :

१. सर्व आकार आणि कर धरून एकूण रक्कम किती? यापलीकडे काही द्यावे लागेल काय?
२. किती माणसांसाठी? लहान मुले मोजली जातात काय?
३. स्वयंपाकघर, गॅस, भांडी, वीज, जनरेटर, वाहनतळ यांचे वेगळे पैसे आहेत काय?
४. डिपॉझिट किती, कशासाठी आणि कोणत्या दिवशी परत मिळेल?
५. प्रवास रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल?

घरात शिरताना आणि निघताना खोल्यांची छायाचित्रे काढावीत, डिपॉझिटची पावती घ्यावी. मालकांनी हीच पाच उत्तरे जाहिरातीतच द्यावीत.

सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा आपल्याच खानदेशातून जात असे. वाटसरू ही या भूमीची जुनी ओळख आहे. कुरआनने तर वाटसरूला जकातीच्या हक्कदारांत स्थान दिले आहे. ज्याला देण्याची आज्ञा आहे, त्याच्याच अडचणीचा फायदा घेऊन त्याच्याकडून काढून घेणे किती उलटे आहे! हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या कथनानुसार, सौदा करणारे दोघे खरे बोलले आणि त्यांनी सर्व काही स्पष्ट केले तर त्यांच्या सौद्यात बरकत येते, लपविले आणि खोटे बोलले तर ती बरकत पुसली जाते. चादरीच्या नावाने घेतलेले १,५०० रुपये हिशेबवहीत दिसतात, गेलेली बरकत दिसत नाही.

अल्लाह आपल्याला स्पष्ट बोलण्याची, हलाल कमावण्याची आणि प्रत्येक अमानत तिच्या हक्कदाराला पोहोचविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.