आईचे हात मोकळे, बाळाचा श्वास मोकळा



नाताळच्या भेटींची यादी करताना आमच्या महिला मंडळातील एका बहिणीने सुचवले, "यंदा पाड्यावरच्या आयांना ब्लँकेटऐवजी कांगारू बॅगा देऊ या. काम करताना बाळ छातीशी राहील, पाजताही येईल." सूचना प्रेमाची होती आणि पैसेही जमू लागले होते. म्हणून मी नमुन्यासाठी एक बॅग घेतली आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील एका पाड्यावर, चार महिन्यांच्या बाळाच्या आईकडे नेली. बांध्याने ती भरदार, छाती जड. बॅग घालून तिने बाळाला पाजायला घेतले आणि दोन मिनिटांत पट्टा सोडला. "ताई, याचं नाक दबतंय. आणि मला तर हा दिसतच नाही."

त्या दिवशी मी तिच्याकडून धडा शिकले. तोच आज तुमच्यापुढे मांडते. आपल्या मंडळीतील लेकी-सुनांनाही त्याचा उपयोग होईल.

छातीचा आकार आणि दूध

मोठी छाती म्हणजे जास्त दूध आणि लहान छाती म्हणजे कमी दूध, हा समज चुकीचा आहे. आकार मुख्यतः चरबीवर ठरतो. दूध बनते ते बाळ जितके ओढेल त्या प्रमाणात. जड छातीच्या आईची अडचण वेगळी असते. स्तनाग्र खाली वळलेले असते, म्हणून पाजताना बाळाला खाली आणावे लागते. स्तनाचा भार बाळाच्या हनुवटीवर किंवा छातीवर पडू शकतो. आणि बाळाचा चेहरा आईच्या नजरेआड जातो.

यावर साधे उपाय आहेत. स्तनाखाली मऊ कापडाची घडी किंवा लहान गुंडाळी ठेवली की तो थोडा वर उचलला जातो. बाळ अगदी मध्यभागी न ठेवता जरा कुशीकडे घ्यावे. बाळाला आडवे न करता उभेच ठेवून पाजावे. आणि हात मोकळे झाले असे म्हणत असलो, तरी पहिल्या महिन्यांत एक हात बाळाच्या मानेपाशी असावाच.

कोणते साधन घ्यावे?

जाड गादीच्या, बक्कलाच्या बॅगा घट्ट बसतात, पण त्यांचा छातीवरचा आडवा पट्टा आणि जाड कडा भरल्या स्तनाला दाबतात. सतत दाब राहिला तर दूध साचून गाठ होते, स्तन लाल होऊन दुखतो, तापही येऊ शकतो. अशी बॅग घ्यायचीच असेल तर कमरेचा पट्टा खाली बांधता येतो का आणि खांद्याचे पट्टे एका हाताने सैल करता येतात का, हे पाहा.

ताणणारे होजिअरीचे कापड नवजात बाळाला मऊ वाटते, पण बाळाचे वजन वाढले की ते खाली ओघळते. मुंबईच्या दमट हवेत त्याचे दोन-तीन थर अंगावर सोसत नाहीत. स्तनाखालच्या घडीत घाम साचून पुरळ उठते.

विणलेले सुती कापड, किंवा दोन कड्यांतून ओवलेले कापड, म्हणजे रिंग स्लिंग, जड छातीच्या आईला सहसा सोयीचे पडते. कापड ओढले की घट्ट, कडी उचलली की सैल. पाजताना बाळ खाली घेता येते, पाजून झाले की वर घेता येते. मात्र कड्या बिनजोडाच्या आणि याच कामासाठी बनवलेल्या असाव्यात, पडद्याच्या नव्हेत. खांद्यावर कापड पसरून घ्यावे, म्हणजे भार एका जागी येत नाही.

पाच खुणा

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये झोळीसारख्या साधनांबद्दल इशारा दिला. आधीच्या 20 वर्षांतील 14 बालमृत्यू त्यांच्याशी जोडलेले आढळले होते, आणि त्यांतली 12 बाळे चार महिन्यांपेक्षा लहान होती. म्हणून प्रत्येक वेळी हे पाहावे:

1. कापड घट्ट आहे, बाळ आत घसरत नाही.
2. बाळाचा चेहरा सतत दिसतो.
3. मान किंचित वाकवली की बाळाच्या डोक्याचा मुका घेता येतो.
4. हनुवटी छातीला टेकलेली नाही, मध्ये एक बोट जाते.
5. पाठीला आधार आहे आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर आहेत.

पाजताना पहिली आणि तिसरी खूण थोडी मोडते. म्हणूनच पाजून होताच बाळाला वर घेऊन कापड पुन्हा घट्ट करायचे. बाळ तोंडात स्तन धरून झोपले तर तसेच ठेवून कामाला लागायचे नाही. चुलीपाशी, गरम तेलापाशी आणि दुचाकीवर तर मुळीच नाही. आधी बसून पाजण्याची सवय व्हावी, मग साधन वापरावे. पहिले बांधणे खाटेवर किंवा चटईवर बसून, जवळ दुसरे माणूस असताना करावे. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आपण कोणाला शिकवतो?

आज दुकानात मिळणाऱ्या बॅगेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अॅन मूर नावाची अमेरिकन परिचारिका 1960 च्या दशकात सेवेसाठी आफ्रिकेतील टोगो देशात गेली. तिथल्या आया बाळांना कापडाने पाठीशी बांधत, आणि ती बाळे शांत असत. घरी परतल्यावर तिने आईच्या मदतीने तशी पिशवी शिवली. 1969 मध्ये तिचे पेटंट झाले आणि पुढे ती 'स्नगली' या नावाने विकली गेली. म्हणजे जे आपण गरीब आईला द्यायला निघालो, ते मुळात गरीब आयांकडूनच घेतलेले आहे.

माझ्या त्या आईने बॅग बाजूला ठेवली, धुऊन मऊ झालेले जुने लुगडे घेतले आणि बाळ कुशीवर बांधले. चेहरा उघडा, पाठ ताठ, गुडघे वर. मी पाचही खुणा मोजल्या. फक्त पाजल्यानंतर पुन्हा घट्ट करण्याची गोष्ट तिला नवीन होती. तेवढीच मला तिला सांगता आली.

यशयाच्या 46 व्या अध्यायात देव स्वतःबद्दल सांगतो की, गर्भापासून केस पिकेपर्यंत वाहून नेणारा तोच आहे. वाहून नेणारा आधी ज्याला न्यायचे त्याचा भार ओळखतो. भेट देणाऱ्यानेही तेच करावे.

आम्ही काय ठरवले

बॅगा रद्द केल्या. त्याऐवजी आया स्वतः निवडतील असे सुती कापड, आणि परिचारिकेसोबत एक दुपार. ज्या आईला बॅग घालून पाहिल्यावर तीच आवडेल, तिला बॅग. आणखी एक विनंती: भेटींत दुधाच्या पावडरीचे डबे आणि दुधाच्या बाटल्या पाठवू नका. 1992 च्या कायद्यानुसार अनाथालय सोडून इतर कोणालाही त्या दान करता येत नाहीत.

मंडळात चर्चेसाठी

1. देण्याआधी आपण शेवटचे कोणाला विचारले होते?
2. आपल्या घरातील पाजणाऱ्या आईला बसायला जागा आणि वेळ मिळतो का?
3. जड छातीच्या बहिणीला चारचौघांत लाज वाटू नये, म्हणून आपली मंडळी काय करू शकेल?