क्लोराइडचे दार शोधणारे प्रतिपिंड

मे महिन्यात पनवेलसारख्या खाडीकाठच्या गावी घामाच्या धारा लागतात. घाम खारट असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण घर्मग्रंथीत तयार होतो तेव्हा तो याहून पुष्कळ खारट असतो! त्वचेकडे येताना वाटेतील नलिकेच्या पेशी त्यातले बरेचसे मीठ परत शोषून घेतात. मिठातील क्लोराइड आयनांना पेशीपटलातून वाट देणारे एक प्रथिन आहे. त्याचे नाव सीएफटीआर. ते १४८० अमिनो आम्लांचे बनलेले असून त्याचे जनुक १९८९ साली सापडले.

हे दार बिघडले तर सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक रोग होतो. घामातील क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून अधिक होते; फुप्फुसांतील कफ घट्ट होऊन मुलाला वारंवार जंतुसंसर्ग होतो. दार बनलेच नाही, की बनूनही जागेवर पोचले नाही? उपचार कोणता करावा, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

एकेक प्रथिन साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. येथे प्रतिपिंड मदतीला येतात. परके द्रव्य अंगात शिरले की आपले शरीर नेमके त्यालाच चिकटणारे प्रतिपिंड बनवते. सीएफटीआरचा तुकडा उंदराला टोचला, तर उंदीर त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतो. एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली शोधली. त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कृती पाहा.

१. पेशी काचपट्टीवर स्थिर करून त्यांच्या पटलाला सूक्ष्म छिद्रे पाडतात.
२. सीएफटीआरचे प्रतिपिंड घालतात. न चिकटलेले धुऊन टाकतात.
३. उंदराच्या प्रतिपिंडांना चिकटणारे, चमकणारा रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात आणि पुन्हा धुतात.

निरोगी पेशीत चमक कडेला दिसते. या रोगाच्या सर्वांत सामान्य प्रकारात ५०८ वे अमिनो आम्ल तेवढे गळालेले असते. त्या पेशीत कडा जवळजवळ काळी आणि चमक आत, केंद्रकाभोवती दिसते. म्हणजे प्रथिन बनले, पण घडी चुकल्याने आतच अडकले. अशा प्रथिनाला पटलापर्यंत पोचवण्यास मदत करणाऱ्या औषधांचा तिहेरी योग २०१९ साली अमेरिकेत मान्य झाला.

ही रीत आपल्याकडेही रोजच्या वापरात आहे. परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ साली पनवेल तालुक्यातील खारघरला आली. तीच आजची अ‍ॅक्ट्रेक. तेथे कर्कपेशींतील प्रथिने प्रतिपिंडांनीच ओळखतात.

मात्र चमक दिसली म्हणजे प्रथिन सापडलेच, असे नव्हे. प्रतिपिंड चुकून दुसऱ्याच प्रथिनाला चिकटू शकतो. म्हणून सीएफटीआरचे जनुक काढून टाकलेल्या पेशींवरही तोच प्रयोग करतात.

विचार करा : त्या पेशीही चमकल्या, तर दोष पहिल्या प्रतिपिंडाचा की दुसऱ्याचा, हे तुम्ही कसे ठरवाल?

(सूचना : तिसरी काचपट्टी घ्या आणि एक पायरी गाळा.)