रक्त गोड नसतं!

आमच्या खोलीत आम्ही चौघे राहतो, पण डासांची मेस लागलीय ती फक्त एकाकडे. बिचारा रात्रभर टाळ्या वाजवत बसतो आणि आम्ही म्हणतो, "तुझं रक्तच गोड, त्याला कोण काय करणार!" शिरोळला आमची आजीही हेच म्हणायची. मी पडलो कॉन्व्हेंटचा, त्यामुळे आजीला हसायचो. पण मग खरं कारण काय, ते मात्र सांगता यायचं नाही. म्हणून यंदा लायब्ररीत बसून वाचून काढलं.

तर मित्रांनो, चावते ती फक्त मादी. तिला रक्त हवं असतं ते अंड्यांसाठी, त्यातल्या प्रथिनांकरता. गोडासाठी ती फुलांचा रस पिते. लांबून तिला आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड समजतो, जवळ आल्यावर अंगाची ऊब आणि कातडीचा वास. २०२२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लोकांच्या हातांवर नायलॉनचे मोजे चढवून, ते मोजे डेंग्यूच्या डासांपुढे ठेवले. (आमच्या हॉस्टेलचे मोजे ठेवले असते तर डासच बेशुद्ध पडले असते!) सर्वांत आवडता माणूस सर्वांत नावडत्यापेक्षा शंभरेक पट आवडता निघाला. त्याच्या कातडीवर कार्बोक्झिलिक आम्लं जास्त होती. आणि ही आवड-नावड तीन वर्षांतही फारशी बदलली नाही. म्हणजे आमच्या पार्टनरची सुटका नाही.

रक्तगटाचं म्हणाल तर ओ गटाच्या माणसांवर डास जास्त बसतात असं २००४ मध्ये जपानमधल्या एका प्रयोगात दिसलं होतं, पण त्यावर अजून एकमत नाही.

मला खरं थांबवलं ते दुसऱ्याच एका अभ्यासाने. २००० साली आफ्रिकेतल्या गांबियात असं आढळलं की, गरोदर बायकांकडे मलेरियाचे डास दुप्पट येतात. शेवटच्या महिन्यांत त्या सुमारे २१ टक्के जास्त हवा श्वासातून सोडतात आणि त्यांच्या पोटाची कातडी ०.७ अंशाने जास्त गरम असते.

हे वाचलं आणि २०१९ चा ऑगस्ट आठवला. पूर ओसरून आम्ही घरी परतलो तेव्हा अंगणात, परड्यात, उसाच्या सरीत जिकडे तिकडे पाणी साचलेलं. आठ-दहा दिवसांत डासांचे थवेच्या थवे! घरात धड मच्छरदाणी एकच उरली होती. ती मला मिळाली, कारण माझ्या अंगावर रुपयाएवढ्या गांधी उठायच्या आणि मी घर डोक्यावर घ्यायचो. वहिनीला सातवा महिना होता. तिच्या अंगावर काही दिसायचं नाही, म्हणून सगळे म्हणायचे, हिला डास चावत नाहीत.

आता कळतंय की गांध म्हणजे डासाच्या लाळेला आपल्या शरीराने दिलेलं उत्तर. ते कुणाचं मोठं, कुणाचं जवळपास नाहीच. गांधी मोजून डास मोजता येत नाहीत! पुढच्या आठवड्यात वहिनीला ताप भरला. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून बरं, पण ते दोन दिवस घरात कुणी जेवलं नव्हतं.

पुतण्या आता शाळेत जातो. परवा घरी गेलो तेव्हा वहिनीला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली,

"मलाबी चावत हुती की भावजी. पर तुमी किती रडत हुतासा!"