कातचं ताक : लिस्पमधला पहिला सराव

लिस्प म्हटलं की आधी कंसांचं जंगल आठवतं. पण जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत मांडलेली ही भाषा तेवढी अवघड नाही. अवघड आहे ते नवशिक्यासाठी चांगला सराव शोधणं. स्ट्रिंग शिकवताना सहसा शब्द उलटा करायला सांगतात. लिस्पमध्ये त्यासाठी 'रिव्हर्स' हे फंक्शन तयारच मिळतं, मग डोकं कुठे चालवायचं? म्हणून ज्युनिअर पोट्ट्यांसाठी मी विषय घेतला आपल्याच भागातला.

अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं स्थान. या पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले. सकळ लिपी ही त्यातली प्रसिद्ध. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी तिचा उलगडा केला. अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह, ही त्यामागची कल्पना.

सरावासाठी मी अगदी सोपा नियम केला: 'क'चा 'त' करा, 'त'चा 'क' करा, बाकी तसंच ठेवा. युनिकोडमध्ये मात्रा वेगळी साठवली जाते. 'अकोला'ची लांबी लिस्प ५ सांगतं: अ, क, ओची मात्रा, ल आणि काना. त्यामुळे 'क' बदलला तरी मात्रा जागेवर राहते अन् 'अतोला' मिळतं.

पहिल्यांदा सुचते ती वाट अशी: 'सबस्टिट्यूट' वापरून सगळे 'क' 'त' करायचे, मग सगळे 'त' 'क' करायचे. 'अमरावती' देऊन बघा. उत्तर 'अमरावकी', एकदम बरोबर! आता 'अकोला' द्या. 'अकोला' जसंच्या तसं परत येतं. कारण पहिल्या फेरीत झालेला 'त' दुसऱ्या फेरीत पुन्हा 'क' झाला. 'अमरावती'त 'क' नाहीच, म्हणून तिथे चूक लपली.

उपाय असा: एकाच अक्षराचं उत्तर देणारं छोटं फंक्शन 'केस' वापरून लिहा आणि 'मॅप'ने ते प्रत्येक अक्षरावर एकदाच चालवा. मग 'कात'चं 'ताक' होतं. जुन्या वाटेने 'काक' झालं असतं! प्रोग्राम दोनदा चालवला की मूळ शब्द परत आला पाहिजे, ही उत्तम तपासणी.

सराव तयार करताना खरी मेहनत प्रश्नात नाही, तपासणीच्या शब्दांत आहे. फक्त 'अमरावती' दिलं असतं तर चुकीचा प्रोग्रामही पास झाला असता अन् पोरगं समजलं असतं की आपल्याला आलं. म्हणून पाच शब्द द्या: फक्त 'क' असलेला, फक्त 'त' असलेला, दोन्ही असलेला, दोन्ही नसलेला आणि रिकामी स्ट्रिंग.

आता तुमच्यासाठी: पूर्ण क-वर्ग आणि त-वर्ग अदलाबदल करा. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५ आणि 'त'चा २३४० आहे. फरक १५, अन् तोच फरक ख-थ, ग-द, घ-ध, ङ-न या जोड्यांतही आहे. पाचच्या पाच जोड्या 'केस'मध्ये न लिहिता जमतं का, बघा!