सैनिकी सेवेतील स्त्रीचे गाऱ्हाणे

प्रश्न : माझी कन्या सैन्यात अधिकारी आहे. वरिष्ठाकडूनच छळ झाला, तर तिने दाद कोठे मागावी? — एक पिता, सातारा

उत्तर : आपली चिंता रास्त आहे, कारण जेथे आज्ञापालन हाच धर्म मानला जातो, तेथे आज्ञा देणाऱ्याविरुद्धच फिर्याद करण्यास असामान्य धैर्य लागते. तथापि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा सैन्यदलांसही लागू असून, ज्या अंतर्गत समितीची अध्यक्षा वरिष्ठ स्त्री असते आणि जिच्यात निदान निम्म्या सदस्य स्त्रियाच असतात, तिच्याकडे घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी ३ महिने वाढू शकते. चौकशी ९० दिवसांत संपावी, असा दंडक आहे. तोवर दोहोंपैकी एकाची बदली, अथवा तिला रजा, अशी विनंती लेखी करता येते.

बलात्काराची गोष्ट निराळी. तेथे समितीची वाट न पाहता तत्काळ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी व कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवावी. हद्दीची सबब चालत नाही. पीडित स्त्री सैनिकी कायद्याच्या अमलाखालील असेल, तर १९५० च्या सैन्य अधिनियमान्वये खटला लष्करी न्यायालयापुढेही चालू शकतो. ती नागरी असेल, तर युद्धसेवा, परदेश व सरहद्दीवरील ठाणे हे अपवाद वगळता तो फौजदारी न्यायालयातच चालतो.

संदेश, तारखा आणि साक्षीदारांची नावे मात्र पहिल्या दिवसापासून टिपून ठेवण्यास तिला सांगावे.