आउटडोअर कुठे बसणार ते आधी ठरवा, रेट नंतर सांगा

मार्च उजाडला की आमच्या दुकानात दोन प्रकारचे लोक येतात. एक एसी घ्यायला येणारे आणि दुसरे "एसी फिटिंगचा धंदा सुरू करायचाय, भांडवल किती लागेल?" असं विचारणारे. भांडवलाचं मी व्हिडिओत बोललोय. पण एक भाग कॅमेऱ्यासमोर घाईत उरकला, तो इथे नीट लिहितो. तो म्हणजे आउटडोअर युनिट.

इनडोअर चुकलं तर भिंतीवरून पाणी गळतं, गिऱ्हाईक चार शब्द ऐकवतं, आपण दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्त करतो. आउटडोअर चुकलं तर माणूस जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बाग भागात वरच्या मजल्यावरचं आउटडोअर सुटून खाली पडलं. खाली स्कूटरवर बसलेला एक तरुण मुलगा त्यात गेला, सोबतचा मित्र जखमी झाला. ते सीसीटीव्हीचं चित्रण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर पाहिलं असेल. दीड टनाच्या आउटडोअरचं वजन साधारण २५ ते ४० किलो असतं. सिमेंटचं पोतं ५० किलोचं, म्हणजे किमान अर्धं पोतं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. धंद्यातलं दुसरं वर्ष होतं. बार्शीत गावभागातलं जुनं घर, खाली दगडमातीचं बांधकाम, वर नंतर चढवलेला मजला. बाहेरून सिमेंटचा गिलावा नवाकोरा, त्यामुळे आत काय आहे ते मी बघितलंच नाही. ड्रिल लोण्यासारखं आत गेलं आणि मला वाटलं, आज काम लवकर आटोपणार! पावसाळ्यात त्यांचा फोन आला, "आउटडोअर लई आवाज करतंय." जाऊन बघतो तर वरचा फास्टनर बोटांनी ओढला आणि हातात आला. त्याला पांढरी माती चिकटलेली. त्या युनिटच्या बरोबर खाली कट्टा होता आणि त्या घरच्या आजी रोज दुपारी तिथे ज्वारी निवडत बसायच्या. त्या दिवशी मी एक पैसा न घेता ते युनिट उतरवलं आणि मागच्या अंगणात फरशीवर ठेवलं. पाइप वाढला, त्याचा खर्च माझ्या खिशातून गेला. तो खर्च मी आजही शिकवणीची फी म्हणून धरतो.

भिंत काय म्हणते ते ऐका

ड्रिलच्या टोकाला येणारी भुकटी बघायची सवय लावा. तांबडी आली तर भाजलेली वीट. करडी आली आणि ड्रिलला जोर लागतोय, तर काँक्रीट. तिथे चांगला अँकर फास्टनर धरतो. ड्रिल भस्सकन आत जाऊन माती आली तर थांबायचं. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांना युनिट टांगायचंच नाही, मग गिलावा कितीही चकचकीत असो. नव्या अपार्टमेंटमध्ये हलके ब्लॉक वापरतात, त्यांची भुकटी फिकी आणि हलकी असते. तिथे साधा फास्टनर आज घट्ट वाटतो, पण कॉम्प्रेसरच्या थरथरीने हळूहळू सैल होतो. अशा भिंतीत आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने लोखंडी पट्टी द्यावी लागते. गिऱ्हाईकाला बेडरूममध्ये ती पट्टी नको असते. मग जागा बदला.

जागेबद्दल माझा एकच प्रश्न असतो, आणि तो मी गिऱ्हाईकालाच विचारतो: "पुढच्या वर्षी सर्व्हिसला आलेला माणूस उभा कुठे राहणार?" त्याचं उत्तर "छज्जावर" किंवा "खिडकीतून वाकून" असं आलं तर ती जागा चुकीची. युनिट एकदाच बसतं, पण त्याच्याकडे माणूस आठ-दहा वर्षं जात राहतो. मार्केट यार्डाजवळच्या घरांत तर धूळ आणि भुसा इतका बसतो की मधेमधे धुवावंच लागतं. बार्शीत बहुतेक घरं एक-दोन मजल्यांची, वर स्लॅबची गच्ची. गच्चीवर लोखंडी स्टँड, त्याखाली रबराचे पॅड, झालं काम. दोन्ही पाय टेकवून उभं राहता येतं. पाइप थोडा जास्त लागतो. किती लांबीपर्यंत चालतो आणि कुठून पुढे जादा गॅस भरावा लागतो, हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते पुस्तक फेकू नका, धंद्यात तेच तुमचं पाठ्यपुस्तक. मागे-पुढे किती मोकळी जागा सोडायची तेही त्यातच आहे. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो. अशा वेळी गरम हवा कोंडली तर बिल वाढतं आणि मशीन ट्रिप होऊन तुमचाच फोन वाजतो.

उंचावर काम करावंच लागलं तर पूर्ण अंगाचा हार्नेस घाला, त्यावर आयएस ३५२१ हा मानकाचा क्रमांक बघून घ्या. दोरी खोलीतल्या काँक्रीटच्या कॉलमला किंवा बीमला बांधा. खिडकीच्या ग्रिलला नाही, आणि ज्या स्टँडवर काम चाललंय त्याला तर नाहीच नाही. खाली एक माणूस फक्त रस्ता अडवायला उभा ठेवा. हा "रिकामा" माणूस बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं, मुरडू दे.

गॅसशी खेळ नको

आता बहुतेक नव्या मशीनमध्ये आर-३२ गॅस असतो. तो जुन्या आर-२२ पेक्षा सुमारे दीडपट दाबाने चालतो आणि थोडासा ज्वलनशील आहे. काही मॉडेलमध्ये आर-२९० येतो, तो म्हणजे प्रोपेन, सरळ पेट घेणारा. अशा मशीनला कंपनीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावू नका. मी स्वतः प्रशिक्षण घेईपर्यंत ती कामं दुसऱ्याकडे पाठवत होतो.

आपल्याकडे एक जुनी खोड आहे. थोडा गॅस सोडायचा, पाइपमधली हवा फुस्सकन बाहेर घालवायची आणि नट आवळायचा. पाच मिनिटं वाचतात, पण ओल आणि हवा आतच राहते. व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनच्या खाली न्या, पंप बंद करून काटा वर चढतोय का ते बघा. त्याआधी गळती तपासायची असेल तर रेग्युलेटर लावून नायट्रोजन वापरा. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन चुकूनही नको. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. जुनं मशीन काढताना पंप डाऊन करता तेव्हाही तेच. कॉम्प्रेसर बंद झाल्याशिवाय पाइप सोडायचा नाही, नाहीतर तो हवा ओढतो, आत हवा आणि तेल दाबलं जातं आणि कवच फुटू शकतं.

वायरिंगचं थोडक्यात: दीड टनाला मीटरपासून स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिमी तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी. अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत पोचलंय का ते मीटर लावून तपासा. जुन्या घरात बऱ्याचदा तिसरी पिन नुसती शोभेला असते, आणि पावसात भिजलेल्या पत्र्याला आधी हात लागतो तो तुमच्या पोराचा.

मग हे सगळं परवडतं कसं?

इथे आपण उद्योजक म्हणून बोलू. समजा पंप, गेज, हार्नेस, नायट्रोजनचा सेट मिळून २५,००० रुपये लागले आणि पहिल्या सीझनला तुमची १०० कामं झाली. म्हणजे कामामागे २५० रुपये. जादा माणसाची मजुरी दोन कामांत वाटली तर साधारण आणखी ३०० धरा. सुरक्षिततेचा खर्च ५५० रुपये, एवढंच! हा आकडा रेटमध्ये लपवू नका, कोटेशनवर वेगळ्या ओळीत लिहा: व्हॅक्यूम, गळती तपासणी, उंचीवरचं काम.

गिऱ्हाईक म्हणणारच, "ओ दादा, पलीकडचा तर बाराशेत लावून देतोय की." मी म्हणतो, "काका, देत असेल. त्याला फक्त विचारा, व्हॅक्यूम करणार का आणि पोरगं दोरी बांधणार का." दहातले तीन-चार जण तरीही तिकडेच जातात. जाऊ द्या. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बाराशेत ती जोखीम बसत नाही.

हाताखाली जी पोरं ठेवाल त्यांचा विमा पहिल्याच आठवड्यात काढा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, बँक खात्यातून परस्पर कापून जातं. एवढ्यावर भागत नाही, त्याच्या जोडीला मोठी अपघात पॉलिसी मी दुकानातर्फे काढतो. पण अनेक दुकानांत हे २० रुपयांचंही झालेलं नसतं.

आणि एक वही ठेवा. काम झालं की चारही फास्टनरचा जवळून फोटो, भिंतीचा प्रकार, तारीख. गिऱ्हाईकाने तुमचा सल्ला न ऐकता जागेचा हट्ट धरला तर काम सोडा आणि का सोडलं तेही वहीत लिहा. मेच्या शेवटी, पावसाळा सुरू व्हायच्या आत, टांगलेल्या प्रत्येक युनिटच्या मालकाला फोन करा आणि पाना घेऊन एक चक्कर मारा. मी या चकरेचे पैसे घेत नाही. पहिल्या वर्षी अशा ४० घरी गेलो होतो. त्यातल्या तिघांच्या स्टँडचे बोल्ट पान्याने अर्धा आटा फिरले, आणि ते तिन्ही स्टँड माझ्याच हातचे होते.